नवशिक्यासाठी एक विनाशिका

मी त्या तळघरात शिरले ती मणी घ्यायला.

जिन्यावरून पडून माझा उजवा हात दोन ठिकाणी मोडला होता. प्लास्टर निघालं, हाडं जुळली, पण बोटांचं थरथरणं काही थांबेना. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, रोज तासभर मणी ओवा. त्यांना सांगायला काय जातं? मी कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. लोकांच्या दाढा आधी मेणात कोरायच्या, ते माझं काम. आमचे मोठे डॉक्टर तसे भले गृहस्थ, पण धंदा तो धंदा. त्यांनी मला सहा आठवड्यांची मुदत दिली होती. त्यानंतर त्यांच्यासमोर बसून एक दाढ कोरून दाखवायची. जमली तर माझं टेबल माझं, नाही तर बाहेर काउंटरवर बसून पावत्या फाडायच्या.

त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की दुपारीच रस्त्यावर दिवे लागले होते. शेजारी-शेजारी दोन जिने खाली उतरत होते. मी चुकीचा उतरले.

खाली काचेच्या कपाटांतून शे-दीडशे राखाडी जहाजं माझ्याकडे बघत होती. गंमत नाही, प्रत्येकाचं टोक माझ्याकडे होतं. हवेत गोंदाचा गोडसर वास होता आणि काउंटरमागे एक तरुण बसला होता. विस्कटलेले केस, कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर.

“मणी आहेत का?” मी विचारलं.

“मणी नाहीत,” तो म्हणाला. “तोफा आहेत.”

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. मग मी हाताची सगळी हकीकत सांगितली. त्यानं ती मान तिरकी करून ऐकली आणि म्हणाला, मण्यांनी कंटाळाल, सुटे भाग जोडून जहाज करा. मी आयुष्यात कागदाची होडीसुद्धा धड केली नव्हती, हे मी त्याला सांगितलं नाही.

बॅगेएवढ्या खोक्यातल्या युद्धनौकेवर माझा डोळा होता. ती त्यानं मुकाट्यानं परत वर ठेवली. बाराशे भाग होते आणि किंमत ऐकून माझाच हात मागे आला. मग मी सगळ्यात स्वस्त खोकं उचललं. तेही त्यानं काढून घेतलं. त्यातल्या तोफा तिळाएवढ्या, हरवल्या की डोळ्यांत पाणी आणि हातात गोंद. पितळी कठड्यांची तर नकोच, नवशिक्यांचा जीव त्या कठड्यांतच अडकतो म्हणे.

“पहिल्या खेपेला मधलं घ्यावं. ना फार मोठं, ना फार स्वस्त. शंभरेक भाग, जाड प्लास्टिक. आणि चूक झालीच तर रंगाखाली झाकता आली पाहिजे.”

“आमची आई स्थळं बघताना हेच म्हणते,” मी म्हणाले.

तो कानापर्यंत लाल झाला. खोकं काढायला वळला आणि जागच्या जागी थांबला. काउंटरच्या या टोकाला, माझ्या कोपराशी, एक खोकं होतं. मी आले तेव्हा ते तिथं नव्हतं. वर एका जुन्या विनाशिकेचं चित्र होतं, मधल्या आकाराची, मधल्या किमतीची, आणि कोपऱ्यात चिकटवलेल्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘नवशिक्यासाठी’.

“हे… हे मी खाली काढलेलं नाही,” तो म्हणाला.

अक्षर त्याच्या बाबांचं होतं. दुकान त्यांचं, कपाटांतली सगळी जहाजं त्यांच्या हातची. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते, आणि हे खोकं तेव्हापासून सगळ्यात वरच्या फळीवर होतं. विकायचं नव्हतं ते. पण तो माझ्याकडे बघत राहिला, मग खोक्याकडे, आणि म्हणाला, “घ्या. तुमच्यासाठीच आलेलं दिसतंय.”

गोंदाच्या वासानं आईला शिंकांवर शिंका येतात, म्हणून घरी हे जमणार नव्हतं. त्यानं दुकानातलंच टेबल देऊ केलं. त्याच्या बाबांचं टेबल, बाबांची खुर्ची, मान वाकवता येणारा दिवा. रोज चार ते सहा. मी त्याचं नाव कप्तान ठेवलं, कारण त्याला तलावातल्या होडीतही उलट्या होतात. तो मला दातवाली म्हणायला लागला.

पहिल्या दिवशी चिमट्यातून एक तोफ उडाली ती थेट त्याच्या चहात पडली. दुसऱ्या दिवशी मी खुर्चीत बसले, दिवा ओढला, आणि हात थांबला.

थरथरणं थांबलं, एवढंच नाही. हात गार पडला, आणि त्यानं चिमटा मधल्या बोटात आणि अनामिकेत धरला. असा मी कधीच धरत नाही, कुणीच धरत नाही. एक भाग उचलला, त्यावर मला फुंकर मारायला लावली, टेबलावर दोनदा टकटक केलं आणि भाग जागेवर बसवला. सूचनांचा कागद मी अजून उघडलासुद्धा नव्हता.

समोर कप्तानाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“बाबा असंच करायचे,” तो म्हणाला. “फुंकर, मग टकटक… तुम्हाला कुणी सांगितलं?”

कोण सांगणार? मी घाबरले. पळून जावंसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर पळालेसुद्धा. पण वरच्या पायरीवर पाय ठेवला आणि धुक्यात हात पुन्हा थरथरायला लागला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मी दुसऱ्या दिवशी पावणेचारलाच हजर झाले.

मग रोज तेच. जिना उतरला की हात गार, जिना चढला की थरथर. कपाटातली जहाजं मी बसेन तिकडे तोंड करून असायची. आज इकडे बसले, उद्या खुर्ची फिरवून बसले, तरी तीच तऱ्हा. कप्तान म्हणायचा की वरून बस गेली की फळ्या हलतात. पण बसच्या रस्त्याला त्या आठवड्यात खोदकाम चालू होतं, बस येतच नव्हती. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही त्याबद्दल बोलत नव्हतो.

एकदा मी हुशारी केली. मेण आणि कोरणी घेऊन गेले. म्हटलं, हात स्थिर आहे तर इथंच दाढांचा सराव करू. हातानं मेण टेबलाच्या कडेपर्यंत ढकललं, खाली पाडलं, आणि शांतपणे विनाशिकेचं धुराडं उचललं. कवळ्यांशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

भीतीची माणसाला सवय होते. मला दुसऱ्याच गोष्टीची सवय होईना. कप्तान समोर बसायचा, चहा द्यायचा, माझ्या थट्टेवर हसायचा, त्याच्या पापण्या लांब होत्या आणि दिव्याच्या उजेडात त्यांची सावली गालावर पडायची. हे सगळं मी बघत होते. आणि तो माझा हात बघत होता. मी नव्या रंगाची ओढणी घालून आले, केस सोडून आले, नजर मनगटाच्या वर चढेल तर शपथ. मला माझ्याच हाताचा मत्सर वाटायला लागला. सवत म्हणावी तर तीही माझ्याच खांद्याला लटकलेली.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी काम करता करता मला डुलकी लागली. डोळे उघडले तेव्हा हात एकटाच काम करत होता. कप्तान टेबलावर वाकून त्याच्याशी हळू आवाजात बोलत होता. दुकानाचं बरं चाललंय, असं काहीतरी. छतातली गळती दुरुस्त केली. आणि मग म्हणाला, “बाबा, एवढ्यात जाऊ नका.”

मी डोळे पुन्हा मिटून घेतले. रडू आलं होतं, ते त्याला दिसायला नको होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी विनाशिका पूर्ण झाली, फक्त डोलकाठी नव्हती. खोक्यात नव्हती, टेबलाखाली नव्हती. हात टेबलावर चाचपडत राहिला, मग उठला आणि बोट कप्तानाच्या खिशाकडे करून थांबला. मी काही केलं नाही, त्यानंच केलं.

“दे ती,” मी म्हणाले. तुम्ही वगैरे म्हणायला मला वेळ नव्हता.

“ती बसवली की संपलं.” त्यानं खिशावर हात दाबला. “ते जातील. तूही… तू तरी कशाला येशील मग?”

“आधी कोण जाईल म्हणालास?”

इथंच सगळं घोडं अडलं होतं.

“हे बघ, हात माझा आहे,” मी म्हणाले. “उद्या मला त्यानं दाढ कोरायची आहे. त्यात दुसरं कुणी असेपर्यंत तो माझा कसा बरा होईल? तुझ्या बाबांनी माझं वाईट केलेलं नाही. पण मला तो परत हवाय. थरथरता असला तरी चालेल.”

त्यानं खिशातून डोलकाठी काढली, काडीएवढी बारीक, आणि माझ्यापुढे धरली. हातानं ती घेतली नाही. हातानं त्याचं मनगट पकडलं.

कप्तान म्हणाला की त्याला यातलं काही येत नाही, बाबाच म्हणायचे की तुझी पाचही बोटं म्हणजे अंगठेच. पण हात सोडेना. लहान मुलाला पाटीवर अक्षर गिरवून देतात तसं माझ्या गार बोटांनी त्याची बोटं धरली, चिमटा त्या विचित्र पद्धतीनं त्यांच्यात बसवला. तेव्हा आम्हा दोघांना कळलं की खोक्यावरचा नवशिका मी नव्हतेच. बापाचं मुलाला शिकवायचं राहून गेलं होतं.

त्यानं फुंकर मारली. टेबलावर टकटक दोनदा वाजली, आणि ती माझ्या हातानं केलेली नव्हती. डोलकाठी उभी राहिली, जराशी तिरकी.

हातमोजा निघावा तसं बोटांतून काहीतरी निघून गेलं. हात ऊबदार झाला आणि थरथरायला लागला. कपाटातली जहाजं काचेकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभी होती. कप्तान टेबलावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडत होता. मी जिना चढले. बापलेकांच्या मध्ये मी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी मी कोपर बरगडीला टेकवून, श्वास धरून, दीड तास दाढ कोरली. मोठ्या डॉक्टरांनी ती भिंगाखाली फिरवून पाहिली.

“ही दाढ नाही, बटाटा आहे,” ते म्हणाले. “पण महिन्याभरापूर्वी तू बटाटाही केला नसतास. तीन महिने काउंटर सांभाळ, मग परत बघू.”

हरले म्हणावं तर हरले नव्हते, जिंकले म्हणावं तर पावत्या फाडत होते. तळघराकडे मात्र गेले नाही. त्याला हवा होता तो हात आता माझ्यापाशी नव्हता. उगीच जाऊन आपला पोपट का करून घ्यायचा? पाच दिवस मी स्वतःला हेच समजावलं, आणि पाचही दिवस चारच्या ठोक्याला पावती फाडायची विसरले.

सहाव्या दिवशी धुकं विरलं. प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि कप्तान आत आला. उन्हात मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. त्यानं गालाला हात लावला होता.

“दाढ दुखतेय,” तो म्हणाला.

“कुठली?”

तो विचारात पडला. मग दुसऱ्याच गालाला हात लावला.

“कप्तान, ताकाला येऊन भांडं लपवू नकोस.”

त्यानं हात खाली घेतला. रांगेत दोन आजोबा आणि एक बाई बसल्या होत्या, तिघांनीही कान टवकारले. तो सांगू लागला, अडखळत, काउंटरवरच्या पावतीपुस्तकाशी चाळा करत. पाच दिवस दुकान अगदी शांत होतं. त्याला वाटलं होतं, बाबांची आठवण छळेल. ती आलीही. पण रोज चार वाजता तो बघायचा ते जिन्याकडे.

“मी तुझ्याकडे नीट पाहिलंच नाही,” तो म्हणाला. “सहा आठवडे समोर बसून. आता डोळे मिटले की… तूच दिसतेस. हात नाही. तू.”

मी पावतीपुस्तक त्याच्या हाताखालून ओढून बाजूला ठेवलं.

माझे दोन्ही हात काउंटरवर होते. उजवा नेहमीसारखा थरथरत होता. त्यानं हात पुढे केला, उजव्यावरून पलीकडे नेला आणि माझा डावा हात धरला.

“हा कुणाचा नव्हता ना?” त्यानं विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. “हा पहिल्यापासून माझाच आहे.”