चौथं मॅग्नेट

आईचा मिक्सर जळला नसता, तर कसबा बावड्यातल्या त्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मी पाऊलही टाकलं नसतं. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता, गल्लीभर मळीचा गोडूस वास... आणि माझ्या पाठीवर सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार.

"ह्यात बी कॉइल असत्यात की!" मिक्सर हातात घ्यायचं विसरून दुकानातला तो म्हणाला.

बुद्धभूषण. वार्निशनं पिवळी पडलेली बोटं, आणि डोळे असे, की मी पटकन दुसरीकडे बघितलं.

"असतात. तारांखालच्या पिकअपमध्ये," मी म्हणाले. "आवाज फार कर्कश आहे हिचा. आतलं मॅग्नेट बदललं की आवाज बदलतो म्हणे. चार वेगवेगळी मागवलीत, बॅगेतच आहेत, पण उघडायची भीती वाटते."

"आणा हिकडं. मी हाय की!"

तो रविवार होता; त्या दिवशी एकच बसवलं. "एका रविवारी एकच," तो म्हणाला. "कानाला सवय व्हायला पायजे."

मग दर रविवारी दुपारी मी जायची. तारा ढिल्या करायच्या, पिकअप उचलायचा, खालचे स्क्रू सैल करून मॅग्नेटची बोटाएवढी जुनी पट्टी सरकवायची, नवी घालायची. मी वाजवायची, तो डोळे मिटून ऐकायचा. पहिलं ऐकून म्हणाला, "ह्यो भांडतोय." दुसरं मी बसवलं, ते उलटं. गिटारचे पुढचा-मागचा असे दोन्ही पिकअप एकदम चालू केले, तर आवाज पार चिरका, पोकळ.

"दोघं बी चांगलंच हायत," तो हसला, "पर एकमेकांचं खोडत्यात. फिरवा."

पट्टी फिरवताना त्याचा हात माझ्या हाताला लागला. दोघांनीही स्क्रू शोधायचं नाटक केलं... स्क्रू समोरच होता.

तिसरं गुळमुळीत निघालं. आणि चौथ्या रविवारी मी एकच तार छेडली — आवाज एकदम गोल, ऊबदार. संपलं की! आता यायचं कशाला?

"अजून... जरा कर्कश वाटतंय," मी म्हणाले.

"खोटं बोलतासा." त्यानं डोळे उघडले. "मोटारीचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस हाय मी. आवाज बरोबर हाय."

मी गिटार पिशवीत घालू लागले. मग खाली बघत, कानापर्यंत लाल होत तो म्हणाला,

"पर... गिटार न आणता बी येता येतंय की."

आठवडा कसा गेला, मलाच ठाऊक. रविवारी मी मोकळ्या हातांनी गेले. बघते तर दुकान लख्ख झाडलेलं, तो इस्त्रीच्या शर्टात, आणि खुर्चीत एक बाई ताठ बसलेल्या. पारूबाई — त्याची आई.

"आई, ह्या अक्षता. गिटारवाल्या."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "गिटार कुठाय गं मग?"

"आज... नाही आणली."

त्या लेकाकडे बघून खुदकन हसल्या. "व्हय व्हय. म्हंजी पोरगी गिटारीसाठी येत न्हाई, हे खरंच हाय म्हणायचं!"

आणि मला शेजारी बसायला जागा करून दिली.