तोंड फिरव

"मोटार बंद करा रे कुणीतरी!" मामा ओरडला आणि सगळ्यात आधी धावली ती त्याची भाची, मिरची. रोपांची काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर इंजिनियरची फजिती तिला अगदी जवळून बघायची होती.

इंजिनियर म्हणजे तिचा मावसभाऊ, तिच्याहून थोडासाच मोठा. सुट्टी लागताच त्याने मामाच्या रोपवाटिकेत तळहाताएवढा कॉम्प्युटर बसवला होता. माती सुकली की तो पाण्याची मोटार चालू करायचा, भिजली की बंद करायचा. झालं, मामाच्या तोंडी दिवसभर इंजिनियर एके इंजिनियर. टोमॅटोची सगळी रोपं मिरचीने स्वतःच्या हाताने लावली होती, पण त्याचं कुणाला काय? मिरचीच्या पोटात नुसतं दुखत होतं.

त्यातून पहिल्याच दिवशी, पासवर्ड बदलताना, तो तिला म्हणाला होता, "तोंड फिरव." जणू ती कुणी चोरच होती. ते तिला अजून बोचत होतं.

आता मात्र त्याची मोटार वेळेवर बंदच होईना. पाणी तुंबून टोमॅटोची रोपं माना टाकायला लागली.

"उद्या हे खोकं भंगारात," मामा म्हणाला. "आणि इंजिनियरसाहेब, यापुढे माझ्या कुठल्याही वस्तूला तुम्ही हात लावायचा नाही."

मिरचीला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं. तिने मोठ्या उत्साहाने खोकं उचललं आणि पटकन खाली ठेवलं. "केवढं तापलंय हे!"

"ताप आलाय त्याला," तिचा धाकटा भाऊ चेंडू म्हणाला. "गोळी द्या."

इंजिनियरने घाईघाईने त्याला स्क्रीन जोडला. एकच अनोळखी प्रोग्रॅम सगळी ताकद खात होता. "हा माझा नाही. बाहेरून कुणीतरी शिरलंय आणि स्वतःची कामं याच्याकडून करून घेतंय. म्हणून मोटार बंद करायला याला उशीर होतो."

"शिरायला पासवर्ड लागतो ना?" मामा म्हणाला. "म्हणजे तू तो बदललाच नव्हतास."

"बदलला होता, मामा. शपथ."

"कुणी पाहिलं?"

पाहिलं होतं मिरचीने. इंजिनियरने मात्र तिच्याकडे नजरसुद्धा टाकली नाही. ही आपल्या बाजूने बोलेल असं त्याला वाटतच नव्हतं, आणि याचाच मिरचीला भयंकर राग आला. एवढी का मी वाईट?

मामाची एक सवय तिला पक्की ठाऊक होती. टाइप करताना तो प्रत्येक अक्षर पुटपुटायचा.

"मामा, मोबाईलवरून मोटार कशी चालवतात, दाखव ना," ती लाडात म्हणाली.

मामा खुलला. एका बोटाने टाइप करू लागला. "ए... डी... एम... आय... एन... एक... दोन... तीन."

"हा तर या खोक्यावरच छापलाय!" चेंडू म्हणाला. मामाचं बोट तिथेच थांबलं.

"त्याने पासवर्ड बदलला तेव्हा मी तिथेच होते," मिरची म्हणाली. "मला तोंड फिरवायला लावलं होतं."

मामाने डोकं खाजवलं. "तो लांबलचक पासवर्ड माझ्या लक्षात राहीना. म्हणून गुपचूप पहिलाच टाकला. बाजारातूनही मोटार दिसावी म्हणून बाहेरून उघडायची सोय करून घेतली. आणि अपडेट करू का विचारलं की 'नंतर' दाबायचो."

"म्हणजे दार उघडं, कुलूप गंजलेलं आणि किल्ली खोक्यावर," इंजिनियर म्हणाला.

त्याने आधी इंटरनेट तोडलं. मग आतलं मेमरी कार्ड पार पुसून सगळं नव्याने भरलं, कारण शिरलेला चोर कुठल्या कोपऱ्यात काय ठेवून गेला असेल, सांगता येत नाही. बाहेरून आत शिरायची वाट बंदच ठेवून इंटरनेट पुन्हा जोडलं आणि अपडेट सुरू केलं. मामा मध्येच वायर उपटेल म्हणून चेंडू प्लगजवळ ठाण मांडून बसला. संध्याकाळी माती भिजली आणि मोटार आपोआप थांबली.

"चुकलो रे इंजिनियर," मामा म्हणाला. "आणि मिरचे, तू नसतीस तर मी या पोराला उगीच गुन्हेगार ठरवलं असतं. शाबास! नवा पासवर्ड तूच टाक."

इंजिनियरने खुर्ची तिला दिली. "लांब वाक्य टाक. कुणाला सुचणार नाही असं."

मिरचीने कीबोर्डवर बोटं ठेवली आणि मान वर केली.

"तोंड फिरव."

इंजिनियर हसला आणि मुकाट्याने भिंतीकडे वळला. तिने टाइप केलेलं पहिलं वाक्य त्याच्याबद्दलच होतं आणि फारच तिखट होतं. ते तिने खोडलं. दुसरंही त्याच्याबद्दलच होतं, पण ते काय होतं ते इथे सांगता येणार नाही. पासवर्ड आहे तो.