नऊ नंबरची पडघंटा

पडघंटा वाजली की सात मिनिटांत रुग्ण पडणार, हे वॉर्डात आता झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. फरशीखालचे संवेदक पावलांचा झोल मोजत, गादी रुग्णाची चुळबुळ टिपे, कामावर कोण आहे हे ड्यूटीच्या तक्त्यावरून कळे, आणि या सगळ्यावरून यंत्र अंदाज बांधी. असं यंत्र आलं म्हणून व्यवस्थापनाने पाचपैकी तीन सिस्टर कमी केल्या. पडणार कोण हे कळलं म्हणजे तो सावरला, असं मानणाऱ्या या शहाण्यांनी एकाही म्हातारीला कधी संडासापर्यंत धरून नेलेलं नव्हतं.

सोमवारी दुपारी चार वाजता नऊ, चौदा आणि एकवीस नंबरच्या खाटा एकदम वाजल्या. दुसरी सिस्टर ऑपरेशन झालेला रुग्ण आणायला गेली होती. सिस्टर अनुसया गावित नऊ नंबरकडे धावली. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या शेवंताबाई लघवीसाठी अवघडून बसल्या होत्या.

"आधी त्यास्नी बघ जा, बाई. मी धरते कळ."

गावित गेली. गादी ओली करायची शेवंताबाईंना लाज वाटली, म्हणून त्या एकट्याच उठल्या. खुबा पुन्हा मोडला.

मंगळवारी गावितच्या हातात मेमो पडला: पूर्वसूचना असूनही रुग्ण पडला, खुलासा करा. त्याच सकाळी यंत्र बनवणाऱ्या डॉ. ऋचा मुजुमदार नोंदी तपासायला आल्या.

"तुमचं यंत्र एकसष्ट टक्क्यांवरून शहाण्णव टक्के अचूक झालं, बक्षीसही मिळालं म्हणे," गावित म्हणाली.

"ते शिकत जातं ना, सिस्टर."

"अचूक म्हणजे काय?"

"घंटा वाजली आणि रुग्ण पडला, की अंदाज बरोबर."

"आणि मी वेळेत पोचले, तो पडलाच नाही, तर?"

"तर अंदाज चुकला, अशी नोंद होते."

"म्हणजे मी धावले की यंत्र खोटं! आमच्या तिघींना घरी बसवलं, तेव्हा कुठे ते खरं ठरायला लागलं. मॅडम, याचं बक्षीस घेताना काही वाटलं नाही?"

मुजुमदारांनी तिथेच यंत्र कशाला किती वजन देतं ते उघडून पाहिलं. वय, औषधं, पावलांचा झोल, सगळं खाली ढकललेलं होतं. सर्वांत वर होता ड्यूटीचा तक्ता. सिस्टर किती आहेत एवढ्यावरूनच यंत्र बहुतेक सगळं ओळखत होतं. वॉर्डातल्या कुठल्याही आयाबाईंनी हे फुकट सांगितलं असतं, पण त्यांना विचारतो कोण!

मुजुमदार हे सांगायला तशाच अधीक्षकांकडे गेल्या. अधीक्षकांनी ऐकलं ते फक्त शहाण्णव.

"इतकं अचूक आहे, तर एक सिस्टर पुरे," ते म्हणाले आणि मुजुमदारांच्यादेखत ड्यूटीच्या तक्त्यातल्या दोनाचा एक केला.

वॉर्डात जेवणं आटोपून रुग्ण पडून होते. कुणी कूससुद्धा बदलली नव्हती. तरी चाळीसच्या चाळीस पडघंटा एकदम वाजू लागल्या. गावित मधोमध उभी राहिली. आधी कुठे जावं, तिला कळेना.

नऊ नंबरवर, पायाला वजन लावलेल्या शेवंताबाईंनी मान उचलली.

"आधी त्यास्नी बघ, बाई. मी धरते कळ."