तीनशे वीस ग्रॅम

यमुताई मेश्राम यांनी मला शाळेत शास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी घर बांधायचं ठरवलं आणि मला बोलावून घेतलं. "शामला, तू एम.एस्सी. झाली... आता जरा... कामी पड," त्या म्हणाल्या. एवढं बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. बाईंना दमा होता.

अडचण नागपुरी होती. कूलरशिवाय मे महिना निघत नाही, आणि कूलरच्या ओल्या हवेनं बाईंचा श्वास कोंडतो. नागपुरातल्या इंदोरा वस्तीतल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीला दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांचे कूलर होते. पावसाळ्यात भिंतीवर बुरशी चढायची आणि बाई बसून झोपायच्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणखी एक पावसाळा या खोलीत नको.

म्हणून १९८२ च्या हिवाळ्यात सोमलवाड्यापुढच्या एका लेआउटमध्ये आम्ही कूलर न लागणारं घर बांधायला घेतलं. विटांच्या दोन भिंती आणि मध्ये तीन इंच हवा. छतावर पालथी मडकी आणि त्यावर चुन्याचा थर. दारांच्या कडांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. बाहेरची हवा आत येणार नाही, म्हणजे उन्हाळ्यातली लू नाही आणि पावसाळ्यातली ओलही नाही.

मिस्त्री देवराव खापा गावचा. हात साफ, तोंड अखंड चालू. एप्रिलमध्ये काम संपलं तेव्हा छताखाली एका विटेची जागा त्यानं रिकामी ठेवलेली दिसली.

"ही काहून ठेवली?" मी त्याच्याच भाषेत विचारलं.

"राहणारा माणूस येईस्तोवर घराले पुरं बंद नाही करत, ताई. माह्या बापानं सांगलं."

"पण कारण काय?"

"बापाले कारण विचारलं का तो थापी फेकून मारे!"

मी हसले आणि ती वीट बसवून घेतली.

मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना आत तेहतीस भरले. देवराव फरशीवर आडवा झाला आणि म्हणाला, "इथं तं पचमढी हाय!" पेटवलेली उदबत्ती मी प्रत्येक सांध्यावरून फिरवली. धूर कुठंच हलला नाही. मला फार आनंद झाला.

उरली ओलाव्याची चाचणी. सकाळी दहाला खोलीत पाणी शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या थाळ्या ठेवून दार बंद केलं, संध्याकाळी सहाला उघडलं. थाळ्यांचं वाढलेलं वजन आणि हवेत वाढलेली आर्द्रता मिळून तीनशे वीस ग्रॅम पाणी आलं. बाहेर हवा इतकी कोरडी की दुपारी वाळत घातलेला रुमाल पाच मिनिटांत कडक व्हायचा.

नवा गिलावा आहे, वाळतो आहे, असं मी वहीत लिहिलं. पण वाळणारा गिलावा रोज कमी पाणी सोडतो. दुसऱ्या दिवशी तीनशे अठरा. तिसऱ्या दिवशी तीनशे एकवीस. आठवड्यानंतर पुन्हा तीनशे वीस. गिलाव्याचा तुकडा काढून भट्टीत तापवून पाहिला. तो ठणठणीत कोरडा होता.

बाईंना आकडे दाखवले. त्यांनी चष्मा पुसला. "शांत झोपलेला माणूस... तासाला किती पाणी... हवेत सोडते?"

"साधारण चाळीस ग्रॅम."

"आठ तासांचे?"

मी वहीतल्या तीनशे वीसवर बोट ठेवलं. बाई मात्र खोकला येईपर्यंत हसल्या. "म्हणजे भाडेकरू... आपल्याआधीच... राहायले आला वं!"

दुसऱ्या दिवशी मी बंद खोलीत पेटती उदबत्ती ठेवली आणि खिडकीच्या पक्क्या बसवलेल्या काचेतून पाहत राहिले. देवराव मागं उभा होता. धूर सरळ वर गेला. मग भिंतीकडे झुकला. परत आला. पुन्हा झुकला. मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला सोळा.

"कोणीतरी झोपून राहिलं आत," देवराव म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता.

मी बाईंना सांगितलं की या घरात जाऊ नका. ओल कुठून येते हे मला कळलेलं नाही.

"मी छप्पन साली दीक्षा घेतली... त्या दिवशी भूतखेत... नागनदीत सोडलं," बाई म्हणाल्या. "आता तू ऐक. त्या खोलीत... मी मरन... हे पक्कं हाय. इथलं काही... पक्कं नाही. शास्त्र शिकली ना तू? मंग निवड."

मला निवडता आलं नाही. मध्यम मार्ग देवरावनं काढला. त्यानं ती वीट काढली आणि तिथं दोन इंची पाइप बसवला, तोंड बाहेरून खाली वाकवलेला. दोन दिवसांत आतली आर्द्रता उतरून नेमकी हवी तेवढी झाली. सहा जूनला बाई राहायला आल्या. देवरावच्या बायकोनं, कौसल्यानं, भाकरी आणि वांग्याची भाजी आणली होती. बाईंनी दोनदा वाढून घेतलं.

महिनाभरात बाई आडव्या झोपू लागल्या. ऑगस्टमध्ये गोळ्या बंद झाल्या. डॉक्टरांनी छाती तपासली आणि नळी दोनदा झटकून पुन्हा लावली, हे बाईंनी मला हसतहसत सांगितलं.

ऑक्टोबरात शेवटची चाचणी. पाइपला बूच लावलं, बाईंना पुस्तक आणि उशी देऊन आत बसवलं, थाळ्या ठेवल्या. घरातलं ते जे काही होतं ते अजून असेल तर सहाशे चाळीसच्या आसपास यायला हवं. ते गेलं असेल तर एकट्या बाईंचं. बाईंचा श्वास मी पूर्वी मोजलेला होता, मिनिटाला सव्वीस. म्हणजे तीनशे वीसपेक्षा बरंच जास्त.

संध्याकाळी वजन केलं. तीनशे वीस.

तराजू तपासला. बरोबर होता.

काचेतून धूरही मोजला होता. सोळा.

वहीत आकडा लिहिला आणि त्यापुढे कारणाची जागा कोरी सोडली. बाई ठणठणीत होत्या, घर थंड होतं, शेजारचे दोघं तसंच घर बांधून मागत होते. देवरावला तर नवीनच ऐट आली होती. मीही स्वतःला म्हटलं, कारण नाही कळलं तरी घर यशस्वी आहे.

डिसेंबरात सकाळी साडेसहाला देवराव आणि मी शेजारच्या प्लॉटवर आखणी करायला गेलो. पारा आठवर होता. बोलताना आमच्या तोंडातून वाफ निघत होती आणि देवराव विडी ओढल्यासारखी ऐटीत सोडत होता.

बाई शाल गुंडाळून फाटकाशी आल्या.

"काय गा देवराव, कौसल्येले सांग का काल तिनं पाठवलेला ठेचा मी एकटीनं संपवला, आन् शामले, तू अशी वाळून काहून राहिली, चल दोघंही आत, चहा ठेवते, आलं घालते, मंग आखा काय आखायचं ते!"

एका दमात. कुठंही न थांबता.

देवराव हसायचा थांबला. तो बाईंच्या तोंडाकडे पाहत होता. मीही पाहिलं. तिथली हवा स्वच्छ होती.

"असे काय पाहून राहिले दोघं?" बाई म्हणाल्या आणि मोठ्यानं हसल्या.

त्यांच्या मागं, छताखालच्या पाइपातून, त्या हसल्या तितक्या वेळा पांढरी वाफ बाहेर आली.