सांधभेट

मैथिलीची एक खोड सुभद्राबाईंच्या डोक्यात जायची. पोरगी कित्येक महिन्यांनी माहेरी यायची आणि पायावर पाणी घ्यायच्या आधी कानामागं ती बोटभर पट्टी चिकटवायची. मग भिंतींतले कॅमेरे एकेक करून तपासायची. आई दारात उभी आहे हे तिला त्यानंतर दिसायचं.

"तळी भरायला आलीस की वीजमीटर वाचायला?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"पट्टी लावली नाही तर मी आले होते हे दादाला कसं आठवणार, आई?"

सासवडच्या झेंड्यांच्या घरी चंपाषष्ठीला तळी भरत. ताम्हनात भंडारा, खोबरं, सुपारी ठेवायची आणि विषम माणसांनी, तिघांनी नाहीतर पाचांनी, एकाच वेळी कडांना हात लावून ते उचलायचं, मल्हाराचा गजर करायचा. सुभद्राबाईंची मुलं मोजून तीन. थोरला रणजित चेन्नईच्या बंदरावर पाळीनं राबायचा, मधला केदार समुद्राच्या तळातली खाण खणणाऱ्या जहाजावर, आणि धाकटी मैथिली पुण्यात मेंदूवर संशोधन करणारी. तिघांच्या सुट्ट्या जुळवता जुळवता दोन वर्षं ताम्हन जागचं हललं नाही. मग मैथिलीनं सांधभेट काढली.

दुसरीतून शाळा सुटलेल्या आईला तिनं ती चुलीपाशी बसून समजावली होती. "आठवण म्हणजे पेटीत ठेवलेला फोटो नव्हे. मेंदू ती दर वेळी नव्यानं रांधतो. रांधत असताना बाहेरून चार जिन्नस घातले, तर त्याला ते आपलेच वाटतात."

म्हणजे असं, की ज्यानं त्यानं सवडीनं घरी यायचं. भिंती आणि कानामागची पट्टी त्याचं बोलणं-चालणं टिपून घेत. मग मैथिलीचं यंत्र सगळ्या भेटी एकमेकींत सांधून एकच भेट करी, आणि झोपेत पट्टीवाटे ती प्रत्येकाच्या डोक्यात उतरे. जागं झाल्यावर तिघांनाही आठवे ते एकच: आपण एकत्र जेवलो, एकत्र तळी उचलली. सुभद्राबाईंनी पट्टी लावून घेतली नाही. "माझ्या डोक्यात परक्याचा स्वयंपाक नको," म्हणाल्या.

यंदा रणजित गुरुवारी येऊन गेला. त्यानं ताम्हनाची एक कड धरली आणि उरलेल्या दोन कडांना कुणीच नसताना गंभीर चेहऱ्यानं गजर केला. रविवारी मैथिलीनं तेच केलं. भरीत-रोडग्याचा घाट सुभद्राबाईंनी दोनदा घातला. केदारचं जहाज दोन दिवस गोव्याला लागलं होतं, पण त्याच्या अंगात त्राण नव्हतं म्हणे. तो तिथंच लॉजवर झोपून राहिला.

आठ दिवसांनी रणजितचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "केदार चांगला सुटलाय गं. चार रोडगे हाणले गड्यानं."

"केदार आलाच नाही."

मग रणजित समजुतीच्या सुरात म्हणाला, "आई, गोळ्या वेळेवर घेतेस ना?"

सुभद्राबाईंनी फोन ठेवला आणि संध्याकाळी केदारला लावला. पडद्यावर आलेला केदार त्यांनी क्षणभर ओळखलाच नाही. गाल आत गेलेले, कानशिलं पांढरी. रणजितला आठवत होता तो केदार तीन वर्षांपूर्वीचा, शेवटचा घरी आला तेव्हाचा होता.

"काय रे अवतार हा? घरी ये."

"अगं, आत्ताच तर येऊन गेलो," केदार हसला. "फार बरं वाटलं, आई. इतके दिवस मनात कोंडलं होतं ते सगळं तुझ्याजवळ बोललो. नाहीतर वेडाच झालो असतो."

सुभद्राबाईंनी आवाज हलू दिला नाही. "काय बोललास?"

"परत नको उकरूस. तूच म्हणालीस ना, झालं गेलं सोडून दे म्हणून."

"मी असं म्हटलेलं नाही, केदार. तू आला नव्हतास. काय झालंय ते सांग मला."

केदारनं त्यांच्याकडं कळवळून पाहिलं. "दादा म्हणत होता, तू विसरायला लागलीस. काळजी घे गं," म्हणून त्यानं फोन ठेवला. त्याचं जहाज आता चैत्रापर्यंत किनाऱ्याला लागणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मैथिलीला बोलावून घेतलं. ती आली, नोंदी उघडून बसली आणि हळूहळू तिचा चेहरा उतरला.

"खरंच आला नव्हता," ती म्हणाली. "मलाही तो इथंच बसलेला आठवतोय, आई. न येणाऱ्याच्या जागी यंत्र त्याच्या जुन्या भेटी घालतं."

"आणि मी न बोललेलं बोलणं?"

"सांध्यात फटी राहतात. त्या मेंदू स्वतःच भरतो, ज्याला जे हवं असेल त्यानं. केदारदादाला तुझ्याशी बोलायचं होतं."

"काय बोलायचं होतं?"

"ते यंत्रात नाही. फक्त त्याच्या डोक्यात आहे."

"मग काढून टाक त्याच्या डोक्यातून ही भेट."

"एकदा मुरली की वेगळी काढता येत नाही." मैथिलीनं पर्समधून नवी पट्टी काढून आईपुढं धरली. "तू लावून बघ. तुलाही तो आलेला आठवेल. निदान घरात एकवाक्यता तरी राहील. दादा तुला डॉक्टरकडं न्यायचं म्हणतोय."

सुभद्राबाईंनी पट्टी बोटांत धरून पाहिली. वजन काहीच नव्हतं. लावली असती तर केदारचा तो उतरलेला चेहरा पाहून झोप उडालेलं जगात कुणीच उरलं नसतं. त्यांनी ती लेकीच्या हातात परत ठेवली.

"तुझ्या भावाला आईपाशी रडायचं होतं, मैथिली. दुःख त्याचं तसंच आहे. त्याला असलेली आईची गरज तेवढी तू भागवून टाकलीस. आई गेली की पोरं पोरकी होतात. मी इथं धडधाकट बसलेली असताना तू त्याला पोरकं केलंस."