जळेश्वराचा नैवेद्य

सीना नदीच्या वळणावर, काळ्या चिऱ्यांचा घाट जिथे थेट डोहात उतरतो, तिथल्या जळेश्वराच्या देवळावर त्या दिवशी उजाडले, तेव्हा शिखरावर कोवळे ऊन होते आणि गाभाऱ्यातली देवाची बैठक रिकामी होती. पूर्वी कोण्या कोळ्याच्या जाळ्यात या देवाचा पंचधातूचा मुखवटा आला, आणि ज्याच्यापाशी तो मुखवटा त्याचाच दोन्ही काठांवर अंमल, असे बारा गावे पिढ्यान्‌पिढ्या मानत आली होती. म्हणूनच तर सरदार हैबतराव पाचशे स्वारांनिशी घाटावर ठाण मांडून बसला होता. फौजेची धूळ दिसताच धर्मोजी गुरवाने मुखवटा पाण्यात लपवला होता, आणि ती जागा त्याला एकट्यालाच ठाऊक होती.

हैबतराव मोठा धूर्त. त्याने धर्मोजीला ना फटके मारले ना बेड्या घातल्या.

"गुरवबुवा, आम्हीही देवाधर्माची माणसे," तो हसून म्हणाला. "आपण खुशाल नैवेद्य करावा, देव असेल तिथे दाखवावा. आमचे लोक नुसते मागून येतील."

"देव सध्या नैवेद्य घेत नाही, सरदारसाहेब."

मुखवट्यासमोर नैवेद्य झाल्याखेरीज गुरवाच्या घरात कोणी घास तोंडात घालत नाही, ही रीत हैबतरावाने आधीच हेरून ठेवली होती. चार दिवसांत हा हात जोडत येईल, असा त्याचा अदमास.

स्वतःच्या पोटाला धर्मोजी आवरू शकत होता. आईचे काय करणार? येसाई ऐंशीच्या घरातली, डोळ्यांनी अधू. रोज दुपारी ती बाजेवरून विचारी, "धर्मा, देव जेवला का रं?" दाराशी बसलेले हैबतरावाचे दोन पहारेकरी कान टवकारत. एक खोटे 'हो' म्हटले असते तर म्हातारी जेवली असती. पण त्यावरून देव जवळच आहे असे पहारेकऱ्यांनी ताडले असते, आणि त्या सकाळी धर्मोजीचे पाय जिथे जिथे पडले तो सगळा घाट उकरून काढला असता.

"नाही, आई."

"मग ऱ्हाऊ दे. मला कुठं घाई हाय."

पाचव्या दिवशी धर्मोजीची भूक मेली, आणि तिच्याबरोबर राग, भीती, देवाची ओढसुद्धा गेली. तो 'नाही' म्हणे, तेव्हा शेजारच्या घरात कोणी बोलल्यासारखे वाटे. सातव्या दुपारी आईने विचारलेच नाही. तो वाट पाहत बसला. शेवटी एका पहारेकऱ्यानेच उठून तिच्या नाकाशी बोट धरले, आणि डोक्यावरची पगडी काढली.

"गुरवबुवा, असे घडावे ही आमची मनीषा नव्हती," तिरडीपाशी येऊन हैबतराव म्हणाला. म्हातारीला उपाशी मारून नेलेल्या देवापुढे बारा गावे झुकणार नाहीत, हे त्या धूर्ताला कळून चुकले. तिसऱ्या दिवशी फौज हलली.

गाव घाटावर लोटले. धर्मोजीला सुतक; देवाला हात लावायची सोय नव्हती. त्याने सटवा कोळ्याला बोटानेच जागा दाखवली. शेवटच्या पायरीखालची कपार होती ती. त्याच पायरीवर उभे राहून हैबतरावाचे स्वार इतके दिवस घोड्यांना पाणी पाजत होते. सटवा बुडी मारून मुखवटा डोक्यावर घेऊन वर आला. शंख वाजले, बायका रडल्या. धर्मोजीला काहीच वाटले नाही. वाटायला हवे होते, एवढे मात्र समजत होते.

सुतकाच्या घरी शेजारीण रोज भाकरी आणत होती आणि ती रोज तशीच परत जात होती. आज धर्मोजीने ती घाटावरच मागून घेतली, तो पायरीवर बसला आणि त्याने तुकडा मोडला.

"अरे, थांब की धर्मोजी!" पाटील कळवळून म्हणाला. "नैवेद्य व्हायचाय अजून. आधी देव जेवू दे."

"जेवेल तो," धर्मोजी म्हणाला, आणि घास चावत राहिला.