मधली म्हातारी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलेलं आहे. पोटासाठी मी इतकी वर्षं पडद्यामागून खोटे आवाज काढतोय, हे त्यातलं नाही. यात माझी मुलगी आहे.

साल १९९४. श्रावण. गगनबावड्याकडची एक वाडी. वाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

रात्र-बित्र काही नव्हती. भर दुपार होती. पण धुकं असं, की शाळेच्या दारातून समोरचा हापसा दिसत नव्हता.

मी कोल्हापूरचा. नाटकात कामं करायचो, पण नाटकावर घर कुठलं चालतंय? म्हणून शाळाशाळांतून बाहुल्यांचे खेळ करायचो. मग पोरांना बाहुल्या बनवायला शिकवायचो. एका हातात बकरी, दुसऱ्या हातात कोल्हा. दोन्ही आवाज माझेच.

वाडीवस्तीवरची पोरं आधी बुजतात. बाहुलीनं काही विचारलं तरी तोंड उघडत नाहीत. म्हणून पूर्णिमाला, माझ्या सहा वर्षांच्या पोरीला, मी बरोबर न्यायचो. तिला सगळ्यांत पुढं बसवायचो. बाहुलीनं काहीही विचारलं, की तिनं सगळ्यांच्या आधी ओरडायचं, "मी!"

मग बाकीची पोरं सुटायची.

पोरगी हुशार. कधी चुकली नाही.

खेळ सुरू झाला. मी पडद्यामागं गुडघ्यावर बसलेला, दोन्ही हात वर. समोरचं काही दिसत नाही. नुसतं ऐकायचं.

पोरं हसली. कोल्ह्याला शिव्या घातल्या. मी खूश.

पुढं बकरी झोपते. तिथं मी मुद्दाम थोडा वेळ गप्प राहायचो.

मी गप्प होतो...

आणि पोरं एकदम ओरडली, "न्हाय!"

मी काही विचारलंच नव्हतं.

पुन्हा शांतता... पुन्हा सगळी एका सुरात, "न्हाय! न्हाय!"

या वेळी आवाजात हसू नव्हतं.

मी वर बघितलं. माझेच दोन हात. बकरी आणि कोल्हा. मध्ये रिकामी जागा.

पण त्या रिकाम्या जागेखाली पडदा दबला होता... कुणीतरी वर कोपर टेकवावं तसा.

आणि मग पूर्णिमाचा एकटीचा आवाज आला. खणखणीत.

"मी! मी येतो की!"

आमच्याकडं पोरी 'येते' म्हणत नाहीत, 'येतो'च म्हणतात. एरवी मला हसू आलं असतं.

ती थांबली. कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी...

"मोठी झाल्यावर," ती म्हणाली.

मी खेळ तिथंच टाकून बाहेर आलो. सगळी पोरं मागच्या भिंतीला चिकटली होती. पुढं एकटी पूर्णिमा. पडद्याच्या वर, मधोमध बघत होती.

हसत होती.

तिथले धोंडीराम गुरुजी नवीनच बदलून आलेले. ते माझी पाठ थोपटायला लागले. "पावणं, त्या मधल्या म्हातारीचा आवाज लई ब्येस काढलासा. काटा आला की अंगावर!"

"कुठली म्हातारी?"

त्यांना वाटलं, मी चेष्टा करतोय.

शाळेत पाणी भरणारी बयाबाई मात्र हसली नाही. तिनं मला बाजूला घेतलं.

"'माझ्याकडं ऱ्हायाला कोण येणार?' असं इचारतीया ती. धुकं पडलं की येती. आमच्या पोरास्नी चालाय लागल्यापास्नं शिकवतो आमी, न्हाय म्हणायचं. तुमच्या पोरीला कुणी शिकिवलं न्हाय व्हय?"

शिकवलं होतं. मीच. नेमकं उलटं.

"आता काय करू?" मी विचारलं.

"हिला हितं परत आणू नगा."

नाही आणलं. पंधरा वर्षं तिला त्या रस्त्याला जाऊ दिलं नाही. शाळेची सहल तिकडं गेली तेव्हा ताप आलाय म्हणून सांगितलं. तिला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

पूर्णिमा डी.एड. झाली. गेल्या आठवड्यात तिची शिक्षणसेवक म्हणून नेमणूक झाली. घरात पेढे आले. शाळा कुठली ते तिनं सांगितलं, आणि माझ्या हातातला पेढा हातातच राहिला.

तीच वाडी.

नको म्हणालो. भांडलो. शेवटी म्हातारीचं सांगितलं. तिनं काय उत्तर दिलं होतं, तेवढं मात्र सांगायचं धाडस झालं नाही.

ती हसली. "पप्पा, तुमचं आपलं काहीतरीच! लागलेली नोकरी सोडू व्हय?" बायकोही तिच्याच बाजूची. मलाच वेड्यात काढलं.

काल ती बॅग भरत होती. जुन्या पेटीतली बकरी आणि कोल्हा तिनं वर ठेवले. तिथल्या पोरांना खेळ दाखवणार म्हणे.

मी जवळ बसलो. "एवढं ऐक बाळ. धुक्यात कुणी काही विचारलं, तर न्हाय म्हण."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली...

"पण पप्पा, मी तर कवाच व्हय म्हटलंय की."

"काय म्हणालीस?"

"कुठं काय?" तिनं माझ्याकडं बघितलं. अगदी नेहमीसारखं.

सोमवारी सकाळी तिची एसटी आहे. मी बरोबर जाणार आहे. रात्रभर एकच विचार डोक्यात फिरतोय.

तिच्या जागी मी 'येतो' म्हटलं, तर चालेल का हो त्या म्हातारीला?